सगळंच ताजं दाखवणारा गॉगल

मी एक गॉगल बोलतोय. नारिंगी काचेचा, जरा रुंद, चष्म्यावरूनही बसेल असा, बाजूंनाही काच असलेला. बोलावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. स्वतःविषयी सांगायला बसलं की स्वतःची सफाई देण्याचा मोह होतोच, आणि तो मलाही होईल. वाचणाऱ्यानं तेवढं ध्यानात ठेवून माझं ऐकावं.

आधी एक सांगतो. मी विकायचा गॉगल नाही. वाशीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, चष्मा लावूनही ज्यांना पुरेसं दिसत नाही त्यांच्यासाठी एक वेगळी खोली आहे. तिथल्या ट्रेमध्ये आम्ही पाच जण असतो. पिवळा, मी नारिंगी, तपकिरी, हिरवा आणि राखाडी. आम्ही नमुने. माणसानं आम्हाला एकेक करून लावून बघायचं आणि ज्याच्यातून बरं दिसेल त्या रंगाचा गॉगल स्वतःसाठी करून घ्यायचा. माझ्या उजव्या दांडीवर 'नमुना २' अशी चिठ्ठी आहे. मला नाव म्हणून तेवढंच.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. गरम रंगात बुडवल्याचं आठवतं. त्या रंगाचं काम एकच, निळा प्रकाश अडवायचा. बिघडलेल्या डोळ्याला निळ्याचा त्रास जास्त. तो डोळ्यात पसरतो आणि सगळ्या जगावर दुधाची साय धरल्यासारखं होतं. निळा अडवला की कडा उठून दिसतात. पायरीची कड, फुटपाथची कड, माणसाच्या ओठांची कड. मात्र निळा अडवल्यावर बाकीच्या रंगांचं काय होतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. न्हावा शेव्याला कंटेनरमधून उतरलो तेव्हा माझी अशी समजूत होती की आपण लोकांचं भलं करायला आलो आहोत. आता त्या समजुतीची मला लाज वाटते. तीही थोडी जास्तच वाटते की काय, अशी शंका येते.

खोलीतल्या बाई म्हणजे नमिता मॅडम. डोळे तपासणं आणि कमी नजरेच्या माणसांना साधनं निवडून देणं हे त्यांचं काम. मन लावून करायच्या. त्यांच्या हातून मी शेकडो नाकांवर बसलो आणि माणसांच्या काही सवयी मला पाठ झाल्या. डोळ्यावर चढवल्यावर माणूस आधी आरसा शोधतो, आरशातला चेहरा धड दिसत नसला तरी. मग सोबत आलेल्याला विचारतो, "कसा दिसतो?" आपल्याला कसं दिसतं याकडे शेवटी वळतो. आणखी एक समजूत जवळजवळ सगळ्यांची असते, की काच जितकी काळी तितकी औषधी. घणसोलीचे एक गोटीरामशेठ आले होते. जमीन सरकारनं घेतली, तिच्या मोबदल्यातून त्यांची इमारत उभी राहिली, असे गृहस्थ. "मॅडम, हे रंगीबेरंगी पोरांना द्या. मना सगल्यात काला दाखवा, वजन पडला पायजे." सगळ्यात काळा म्हणजे राखाडी, तो लावून ते ऐटीत निघाले आणि दारातली पायरी चुकून वॉचमनच्या मिठीत पडले. मी ट्रेमधून हसलो. दुसऱ्याच्या चुकीला हसताना मला केवढी खात्री होती स्वतःची!

गंगूमावशी आल्या त्या एका गुरुवारी. वय एकसष्ट. बेलापूरच्या खाडीला लागून जो कोळीवाडा आहे तिथल्या. सोबत सून, उज्वला. ती बेलापुरात एका वकिलाच्या ऑफिसात काम करते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मावशींच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोर बघितलं की मधोमध डाग, कडेचं मात्र दिसायचं. म्हणून त्या मान जराशी तिरकी करून बघत. अनोळखी माणसाला वाटावं, या बाईला आपला संशय आलाय.

"काय काम करता मावशी?" नमिता मॅडमनी विचारलं.

"म्हावरं इकते."

"म्हणजे मासे विकायला उन्हात बसता?"

"बसते छपराखाली. पन सकाली जेट्टीवर उन पान्यावरून उलटं तोंडावर मारतं, तवा मना समदं पांढरं. मानूस उभा हाय का खांब, कलत नाय."

मॅडमनी कागदावर लिहिलं, 'बाहेर, सकाळी, उन्हाचा त्रास.' लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं. आज मला वाटतं, ते पेन आणखी थोडा वेळ हातात राहायला हवं होतं. पण तेव्हा मलाही काही खटकलं नव्हतं.

मग त्यांना दवाखान्याच्या दारात, रस्त्याच्या उन्हात उभं केलं आणि आम्हाला एकेक करून लावलं. पिवळ्यानं ऊन थांबेना. राखाडीनं थांबलं, पण चेहरे आणखी पुसट झाले. तपकिरी आणि हिरव्याला त्यांनी नुसतीच मान हलवली. मग मी.

त्या उज्वलाचा दंड धरून म्हणाल्या, "ती रिक्षा बघ. रिक्षावाल्याला मिशी हाय गो!"

"आई, मिशी काय बघताय? पायरी बघा."

"पायरी पन दिसते. दोन वर्सांनी मानसाची मिशी दिसली, बघू दे मना."

मॅडम हसल्या. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यांनी मला आठ दिवस वापरायला दिलं. "घालून बघा, कुठे अडतं ते लक्षात ठेवा, मग तुमचा करायला टाकू."

"हा बरा," मावशी जाताना म्हणाल्या. "काला लावला असता तर बाजारात कललं असतं, म्हातारीचं डोलं गेलं. हा कसा, पोरींच्या गॉगलवानी हाय."

हे त्या गमतीत म्हणाल्या, पण त्यांचा सगळा जीव त्याच गोष्टीत अडकलेला होता. ते मला त्यांच्या घरी गेल्यावर समजलं.

बाजारात मावशींसह आठ बायकांचा एक गट होता. प्रत्येकीनं वेगळी बोली लावली तर भाव चढतो. म्हणून आठ जणींचा माल एकदम उचलायचा आणि मग त्याचे आठ वाटे करायचे. पण निवडायला आणि बोली लावायला एकीनंच पुढं व्हायचं. बावीस वर्षं ती एक म्हणजे गंगूमावशी. बाकीच्या सात जणी मागं उभ्या राहत आणि एक शब्द बोलत नसत. मावशीनं हात लावला तो माल आपला. गिऱ्हाईकंही तसंच म्हणत, मावशी देईल ते घ्यायचं, बघायचं नाही. त्या बाईच्या आयुष्यात मोठेपणा म्हणावा असा तेवढाच होता, आणि तो खरा होता.

मासा ताजा की शिळा, हे कल्ल्यावरून कळतं. डोक्याच्या बाजूची झडप बोटानं उचलायची. आत लालभडक असेल तर ताजा, तपकिरी किंवा मळकट असेल तर शिळा. नजर मंदावल्यापासून मावशींना तो रंग नीट कळत नव्हता, विशेषतः जेट्टीवरच्या उन्हात. म्हणून त्यांनी गुपचूप दुसरी वाट धरली होती. कल्ला उचलून बघण्याचं नाटक करायचं, आणि खरं तर वास घ्यायचा. अंगठ्यानं पोटाशी दाबायचं. मांस लगेच वर आलं तर मासा चांगला, खळगा तसाच राहिला तर सोडायचा. दोन वर्षांत त्यांची एकही निवड चुकली नव्हती. सगळ्यांना वाटत होतं, मावशी बघतेय. मावशी बोटानं बघत होत्या, आणि सांगत कुणालाच नव्हत्या. घरात फक्त उज्वलाला माहीत होतं.

शुक्रवारी पहाट उलटून उजाडल्यावर मी पहिल्यांदा जेट्टीवर गेलो. गटातली सगळ्यात लहान म्हणजे रंजिता, पस्तिशीची, तोंडाची फटकळ. तिनं मला पाहिलं मात्र.

"काय गो मावशी, शूटिंगला चाललीस?"

"हां. हिरो पायजे. तुजा नवरा रिकामा हाय ना?"

"ने त्याला. परत आनून नको देऊस, एवढंच."

बायका खिदळल्या. मावशींनी खांदे सरळ केले आणि बोटींच्या दिशेनं निघाल्या. पाण्यावरून येणारं ऊन मी अडवलं. त्यांना टोपल्या दिसल्या, ओल्या फरशीवरची बर्फाची ढेकळं दिसली, रंजिता हसताना तिच्या कानातलं हललेलं दिसलं. त्यांनी एका रावसाचा कल्ला उचलला आणि त्यांना लाल दिसला. त्या क्षणी त्यांच्या गालाचा स्नायू माझ्या दांडीला लागला, त्या हसत होत्या.

त्या दिवशीचा माल खरंच ताजा होता. शनिवारचाही. म्हणून मी काय करतोय ते मलाही उमगायला वेळ लागला. माझ्या एका बाजूनं जग जसं आहे तसं येतं, दुसऱ्या बाजूनं ते नारिंगी होऊन जातं. या दोहोंच्या मधे मी आहे. दोन्ही बाजू ठाऊक असलेला असा त्या बाजारात मी एकटाच. तरी माझं लक्ष कुठे होतं, तर मावशींच्या हसण्याकडे.

रविवारी बोटींचा माल थोडा आणि गिऱ्हाईक दुप्पट. अशा दिवशी बाहेरच्या बंदरावरून बर्फात भरलेला टेम्पो येतो. सुरमईचे खोके उतरले. टेम्पोवाला घाईचा, एक खोका उघडायचा, चार मासे दाखवायचे आणि बोली सुरू. भोवती दुसरे घेणारे दाटलेले. मावशी पुढं झाल्या. सातही जणी मागं, गप्प.

मावशींनी पहिल्या सुरमईचा कल्ला उचलला.

माझ्या बाहेरच्या बाजूला तो तपकिरी होता. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेचा होतो, तसा. माझ्यातून पलीकडे गेला तेव्हा तो लालसर झाला होता. छान, तजेलदार. दुसरा उचलला, तोही तसाच. मी ओरडू शकत नाही, घसरून पडूही शकत नाही, माझ्या दांड्या त्यांच्या कानांमागे घट्ट होत्या. मला एकच आशा होती, की आता त्या अंगठा लावतील. दोन वर्षं लावत होत्या तसा. बर्फानं वास दबलेला आणि मासा कडक झालेला असला तरी त्यांच्या अंगठ्याला फसवणं सोपं नव्हतं.

अंगठा खाली आला नाही. दिसतंय म्हटल्यावर दाबून कशाला बघायचं?

"आमचा!" मावशी म्हणाल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते मला अजून नीट सांगता येत नाही. मावशींचा हात लागला म्हणून बाकीच्या कुणी पुन्हा कल्ला उचलला नाही, आणि दुपारपर्यंत आठ जणींच्या विक्रीच्या ओट्यांवरून तो माल शंभरेक घरांत गेला. सोमवारी बाजार उघडताच नेरुळच्या एक बाई पिशवी घेऊन परत आल्या. आवाज चढवला नाही. "मावशी, पाहुणे बसले होते पानावर. मला ताटं उचलावी लागली. दुसऱ्या कुणाकडून घेतलं असतं तर मी बघून घेतलं असतं ना." मग दुसरी आली, तिसरी आली. आठही ओट्यांवर आल्या. सातही जणी मावशींकडे बघत होत्या आणि मावशींना ते माझ्यातून स्वच्छ दिसत होतं. तेवढं मात्र मी खरं दाखवलं.

कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मंगळवारी बोलीच्या वेळी रंजिता पदर खोचून पुढं झाली. "मावशी, आज मी बघते. तुमी बसा." बावीस वर्षांत त्या गटातलं कुणी मावशींना 'तुमी' म्हणालं नव्हतं.

मावशी बसल्या.

घरी आल्यावर त्यांनी मला काढून फ्रिजवर ठेवलं. तिथून मला घर दिसत होतं. उज्वला ऑफिसातून आली तेव्हा त्या दिवा न लावता बसलेल्या होत्या.

"उज्वला, एक अर्ज लिहायचा हाय. तुज्या वकिलाकडं लिवतात तसा नीट."

"कसला अर्ज?"

"मच्छीमार सोसायटीला. ओटा सोडते म्हनून. रंजिताच्या नावावर करा म्हनून."

"एका खोक्यासाठी? आई, तीस वर्षांचा ओटा आहे तो."

"खोक्यासाठी नाय गो. डोलं गेलं तवा मी नाय घाबरली. आता दिसत होतं, उजेडात होतं, कल्ला हातात होता, तरी मना कललं नाय. म्हंजे डोल्याच्या मागं जे असतं ना, तेच गेलं. पारखच गेली माजी."

उज्वला समजावत राहिली. मी फ्रिजवर होतो. त्या घरात एकाच वस्तूला ठाऊक होतं की मावशींची पारख जागेवर आहे, आणि ती वस्तू मुकी होती. स्वतःला दोष देण्याची मला सवय आहे, कदाचित नको तितकी. पण त्या रात्रीचा दोष मी कुणाशी वाटून घेऊ शकत नाही. एक बाई आपली पारख गेली असं समजत होती, आणि कारण मी होतो.

बुधवारी संध्याकाळी उज्वलानं अर्जाचा कागद आणला. छापून, फक्त सही करायचा. तो टेबलावर ठेवून ती स्वयंपाकाला लागली. कांदे तिखट होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं तिनं फ्रिजवर हात टाकला आणि मला लावलं. कांद्यापासून वाचायला लोक गॉगल लावतात, हे मी दवाखान्यातही ऐकलं होतं. कांदे झाले. मला काढायचं ती विसरली. मग तिनं फ्रीजर उघडला, जागा करायला. आत रविवारच्या सुरमईतली न विकलेली दोन डोकी होती, मांजरांसाठी ठेवलेली. एक डोकं पिशवीत टाकताना त्याची झडप उघडली.

"आई," ती म्हणाली, "ही डोकी टाकायची कशाला? हा बघा कल्ला, केवढा लाल आहे."

मावशी उठून आल्या. "रविवारचा लाल कसा असंल?"

"अहो खरंच." असं म्हणत उज्वलानं नीट बघायला मला कपाळावर सरकवलं. परत खाली ओढलं. परत वर केलं.

"आई, हा घालून सगळंच ताजं दिसतंय."

मावशींनी मला तिच्या डोक्यावरून काढून घेतलं. ते डोकं घेऊन त्या ट्यूबलाइटखाली गेल्या. मान तिरकी करून, अगदी नाकाजवळ धरून बघितलं. मला लावून बघितलं. काढून बघितलं. असं पाच-सहा वेळा. त्या आता रडतील, असं मला वाटलं, किंवा मला भिरकावून देतील. ते मी समजू शकलो असतो.

"म्हंजे मी खोटी नवती," त्या हळूच म्हणाल्या. "हा खोटा होता."

उज्वला केवढ्यानं तरी हसली, सुटल्यासारखी. तिनं टेबलावरचा कागद उचलला. पण मावशींनी तिचा हात धरला.

"थांब. हा खोटा, ते खरं. पन माजा अंगठा तर खरा होता ना? मग मी तो का नाय लावला?"

उज्वलानं कागद परत टेबलावर ठेवला. याचं उत्तर माझ्याकडे होतं. दिसायला लागल्याचा आनंद इतका मोठा असतो की त्यात माणूस बाकी सगळं खाली ठेवतो. पण हे उत्तर म्हणजे पुन्हा माझीच सफाई झाली असती.

गुरुवारी मावशी स्टीलचा डबा घेऊन दवाखान्यात आल्या. डब्यात सुरमईची दोन डोकी, एक रविवारचं आणि एक त्या सकाळचं. बाहेरच्या बाकांवरची माणसं नाकाला रुमाल लावून उठली. वॉचमन धावत आला, "आजी, इथं डबा अलाउड नाही." मावशी म्हणाल्या, "मी खायला नाय आनला, तपासायला आनलाय." आणि सरळ आत शिरल्या.

नमिता मॅडमनी झाकण उघडलं आणि परत लावलं. मग सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कुठे बसता ते मी विचारलं. तुम्ही काय बघता, ते विचारलंच नाही. चूक माझी आहे."

मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

टेबलावर टिश्यू पसरून दोन्ही डोकी मांडली. खिडकीचा पडदा सारून ऊन आत घेतलं आणि आम्हा पाचही जणांची परीक्षा पुन्हा सुरू झाली. मावशींना कुठलं डोकं कुठे ठेवलंय ते सांगायचं नाही, त्यांनी ओळखायचं. माझ्यातून दोन्ही सारखी. पिवळ्यातून दोन्ही सारखी. तपकिरीतून एकदा बरोबर, एकदा चूक. हिरव्यातून दोन्ही काळपट. राखाडीतून पाचही वेळा बरोबर.

"पण मावशी," मॅडम म्हणाल्या, "राखाडीनं ऊन कमी होतं, रंग खरे राहतात, तेवढंच. चेहरे नाही उठून दिसणार. नारिंगीसारखं नाही. दोन्ही करणारी काच माझ्याकडे नाही. दोन गॉगल करू या का? रस्त्याला एक, बाजाराला एक?"

"आनि घाईत अदलाबदल झाली की पुन्ना रविवार." मावशींनी मला हातात घेतलं. त्यांच्या बोटांना खारट वास होता. क्षणभर मला वाटलं, निवडतील. मला निवडलं जावं, हे मला इतकं हवं होतं की निवडू नये असं मनापासून म्हणताही येईना. दोन्ही एकदम वाटत होतं. त्यातलं खरं कुठलं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

"चेहरे नाय दिसले तरी चालतील," त्या म्हणाल्या. "कल्ला खरा पायजे."

नमिता मॅडमनी मला साबणानं धुतलं, पुसलं आणि ट्रेमध्ये ठेवलं.

दहा दिवसांनी मावशी स्वतःचा राखाडी गॉगल न्यायला आल्या. मॅडमनी तो बसवून दिला, दांड्या वाकवल्या, आणि विचारलं, "बाजारात जाता ना?"

"जाते. अर्ज फाडला. पन नुसता फाडून कसं चालंल? सांगायला पायजे होतं. परवा सकाली जेट्टीवर समद्या जनींना सांगितलं. डोलं दोन वर्सं झाली गेलंत. बोटानं निवडत होती. गॉगलनं फसवलं, पन बोट नाय लावलं ही माजी चुकी. समदं सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"रंजिता बोल्ली, 'दोन वर्सं तू बोटानं निवडत होतीस, आनि आमी तुज्या डोल्यावर भरवसा ठेवून उभ्या?'"

"रागावली का ती?"

मावशींनी नवा गॉगल काढून पदरानं पुसला. "तेच तर कलत नाय. ती हसून बोल्ली का रागानं, मना दिसलं नाय. समोरून उन येत होतं. तोंडाच्या जागी नुसतं पांढरं. डोल्यावर गॉगल पन नवता, हा तुमच्याकडं, तो पन तुमच्याकडं."

"आवाजावरून?"

"तिचा आवाज कायम भांडल्यासारखाच. हसली तरी."

"मग विचारायचं ना तिला."

"असं कसं इचारू? 'तू हसलीस का गो' म्हनून?" मावशी उठल्या. "आता बोलीला तीच उभी ऱ्हाते. मी तिच्या मागं. कदी बोलवते, 'मावशी, बोट लाव.' कदी नाय बोलवीत. नाय बोलवलं त्या दिवशी मी घरी येऊन इचार करते, ती हसली होती का रागावली होती."

त्या गेल्या. दारातली पायरी त्या पायानं चाचपत उतरल्या.

मी अजून ट्रेमध्ये आहे. नमिता मॅडम आता प्रत्येकाला आधी विचारतात, तुम्हाला नेमकं काय ओळखायचं असतं? आणि जमलं तर ती वस्तू घेऊन यायला सांगतात. भाजीवाला कोथिंबिरीच्या जुड्या आणतो, शिंपी दोऱ्याची रिळं आणतो. मला लावून लोकांना अजूनही बरं वाटतं, ते "वा!" म्हणतात, आणि दर वेळी मला धाकधूक होते. गॉगल निवडायला येणाऱ्यांना माझी विनंती आहे, की पहिल्या आनंदावर मला निवडू नका. मी काय लपवतोय ते बघून घ्या, आणि तरीही हवा असलो तर न्या.

आणि रंजिता, हे तुझ्यापर्यंत पोचण्याची शक्यता फार नाही, मला कळतं. माझ्यातून मावशींना तुझ्या कानातलं हललेलं दिसायचं. त्यांनी सगळं सांगितलं त्या सकाळी मी त्यांच्या डोळ्यावर असतो तर तुझा चेहराही दिसला असता. त्यांनी तो सोडला आणि मासा खरा दिसेल अशी काच घेतली, तुम्हा आठ जणींसाठी. तेव्हा तू हसली होतीस की रागावली होतीस, जे काही असेल ते, तोंडानं त्यांना सांग.